मुख्य संगणक म्हणून छोटा, हलका लॅपटॉप: अनुभव आणि खरेदीआधी पाहायच्या गोष्टी

कानामात्रा

नमस्कार मंडळी. "छोट्या लॅपटॉपवर सगळं काम भागेल का?" हा प्रश्न या चर्चामंचावर अधूनमधून येतो आणि चर्चा प्रोसेसरच्या आकड्यांवर जाऊन थांबते. मी मुद्रितशोधन आणि संपादन करते. राहते डोंबिवलीला, काम काही दिवस दादरला आणि काही दिवस घरून. घरातला डेस्कटॉप भाचीला दिला. आता सव्वा किलोचा, तेरा इंची लॅपटॉप एवढाच माझा संगणक आहे आणि सगळी कमाई त्याच्यावर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुम्ही आपापल्या कामाच्या अंगाने भर घाला.

माझं मुख्य म्हणणं असं: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला. पडदा बाहेरून जोडता येतो, साठवणही जोडता येते. पण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, ती पुढे वाढवता येत नाही. वजन कमी होत नाही. आणि कीबोर्ड जसा आला तसा शेवटपर्यंत राहतो.

कीबोर्डवर थोडी थांबते, कारण याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. छोट्या लॅपटॉपची रुंदी कमी, त्यामुळे कुठलीतरी बटणं आवळावी लागतात. कंपन्या बहुतेक वेळा उजव्या कडेची आवळतात, कारण इंग्रजी लिहिणाऱ्याला तिथे स्वल्पविरामापलीकडे फारसं काम नसतं. इन्स्क्रिप्टवर, म्हणजे मराठी अक्षरं थेट बटणांवर असलेल्या प्रमाण मांडणीवर, मराठी लिहिणाऱ्याची मात्र तिथे रोजची वर्दळ असते. अर्धविरामाच्या बटणावर च, त्याच्या शेजारी ट, चौकटी कंसावर ड, तिरप्या रेघेवर य, आणि उलट्या तिरप्या रेघेवर ॉ. 'डॉक्टर' टाइप करून बघा: ड, ॉ आणि ट ही तिन्ही बटणं उजव्या काठावरची. 'चॉकलेट'चंही तसंच. ही बटणं निम्म्या रुंदीची असली की करंगळी दर वेळी शेजारच्यावर पडते.

दुसरी गोष्ट उजव्या शिफ्टची. अ, आ, इ, ई, उ, ऊ, ए, ऐ, ओ, औ आणि ण ही सगळी अक्षरं डाव्या हाताच्या बटणांवर शिफ्ट दाबून येतात, म्हणजे शिफ्ट उजव्या करंगळीनेच दाबायची. उजवी शिफ्ट चिमुकली असेल किंवा वरच्या बाणाच्या पलीकडे ढकललेली असेल, तर 'आणि' हा साधा शब्दसुद्धा अडखळत उमटतो. त्यामुळे दुकानात गेल्यावर मी कुठलाही छोटा लॅपटॉप आधी 'आणि', 'डॉक्टर', 'चटई', 'ओळख', 'यंत्र' लिहून तपासते. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडायला फारसा वेळ लागत नाही. दुकानदार नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जावं.

वजनाचं सांगायचं तर गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये बॅग पुढे छातीशी धरून उभं राहावं लागतं. अडीच किलोचा लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, डबा, पाण्याची बाटली आणि वर प्रुफांचा गठ्ठा एवढं धरून ठाण्यापर्यंतच खांदा भरून येतो. सव्वा किलोवर आल्यापासून माझी मानदुखी खरोखर कमी झाली आहे. चार्जरचं वजन मात्र जाहिरातीत कधीच धरत नाहीत, ते दुकानात हातात घेऊन पाहा. यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर ६५ वॉटचा छोटा गॅन चार्जर (गॅलियम नायट्राइड वापरलेला, म्हणून आकाराने लहान) तोही भार निम्म्याहून कमी करतो, आणि फोनही त्यावरच होतो.

रॅम १६ जीबीच्या खाली घेऊ नका. विंडोज ११ कागदावर ४ जीबीत चालतं, पण ब्राउझर, वर्डची मोठी फाइल, पीडीएफ आणि व्हिडिओ मीटिंग एकदम उघडली की ८ जीबीही धापा टाकतं.

आता घरचं टेबल. छोटा लॅपटॉप मुख्य संगणक म्हणून टिकतो तो या टेबलाच्या जोरावर. स्टँडवर लॅपटॉप, समोर वेगळा पूर्ण आकाराचा कीबोर्ड, माउस आणि २४ इंची मॉनिटर. घरी आलं की एक यूएसबी-सी केबल लावायची, तिच्यातूनच चार्जिंग आणि पडदा दोन्ही. दिवसभर वाकून तेरा इंचात बघत बसणं कुणीही करू नये. पाठीचे डॉक्टर लॅपटॉपपेक्षा महाग पडतात.

एक गोष्ट मात्र मी छोट्या पडद्यावरच करते: शेवटचं प्रूफ. २४ इंचावर १९२० गुणिले १०८० म्हणजे इंचाला साधारण ९२ ठिपके. तेवढेच ठिपके १३.३ इंचात आले की ते १६५ च्या आसपास जातात. इंग्रजीत हा फरक कुणाला जाणवणार नाही, पण 'ट्ठ', 'ष्ट्य', रफाराशेजारचा अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचं टोक हे मोठ्या स्वस्त मॉनिटरवर बुजून जातं. 'कर्तव्यां' आणि 'कर्तव्या' यांतला फरक मला लॅपटॉपवर ठळक दिसतो.

ताळेबंद

कानामात्राताई, उत्तम धागा. वाचनखूण साठवली. मी इचलकरंजीत हिशेबनीस आहे, यंत्रमागवाल्यांची आणि छोट्या व्यापाऱ्यांची खाती बघतो. दोन वर्षांपासून १४ इंची, एक किलोच्या जवळपासचा लॅपटॉप घेऊन पार्टीच्या गादीवरच बसून नोंदी करतो. माझ्या धंद्याच्या तीन गोष्टी सांगतो.

टॅलीत, म्हणजे आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, सगळा खेळ वरच्या ओळीचा. एफ४ कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ विक्री, एफ९ खरेदी. नव्या लॅपटॉपवर हीच बटणं आवाज आणि उजेड कमीजास्त करायला ठेवलेली असतात. एफ८ दाबून विक्रीची नोंद करायला जावं तर भलतंच काहीतरी होतं. बऱ्याच मशीनवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ही बटणं मूळ कामावर येतात आणि तशीच राहतात. विकत घेण्याआधी ही सोय आहे का ते विचाराच.

आकड्यांचा वेगळा पट्टा छोट्या लॅपटॉपवर नसतो. दिवसाला शेकड्याने बिलं चढवायची तर त्याच्याशिवाय हात चालत नाही. यूएसबी नमपॅड स्वतंत्र मिळतो, तळहाताएवढा असतो. मी तो माउसच्या डावीकडे ठेवतो.

तिसरी गोष्ट डिजिटल सहीच्या टोकनची, म्हणजे सही साठवलेल्या पेनड्राइव्हसारख्या वस्तूची. ते अजूनही जुन्या चौकोनी यूएसबीचं येतं. लॅपटॉपला दोन्ही भोकं यूएसबी-सीची असली तर कन्व्हर्टर लागतो, आणि तो नेमका २० तारखेला, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायच्या दिवशी, घरी राहतो. ज्याला टोकन रोज लागतं त्याने निदान एक जुनं यूएसबी असलेलंच मशीन घ्यावं.

फोनेटिकवाला

इन्स्क्रिप्टचा मुद्दा बरोबर आहे, पण आमच्यासारखे रोमन अक्षरांतून मराठी लिहिणारे खूप आहेत. आम्हाला उजव्या कडेचा तेवढा त्रास नाही. आमची गोची एवढीच की इंग्रजीपेक्षा बटणं जास्त दाबावी लागतात, त्यामुळे बटणाची खोली महत्त्वाची. फार उथळ कीबोर्डवर दोन पानं लिहिली की बोटांची टोकं दुखतात. हे दुकानात दोन मिनिटांत कळत नाही. मित्राचा लॅपटॉप मागून संध्याकाळभर लिहून बघणं हाच उपाय.

नकाशा

मी थोडं विरोधात लिहितो. नाशिकला वास्तुरचनेचं काम करतो. आमच्याकडे साइटवर नेण्यापुरता छोटा लॅपटॉप उत्तम, पण मुख्य संगणक म्हणून नाही. द्विमितीय आराखडे चालतात. त्रिमितीय मॉडेल मोठं झालं, रेंडर लावलं (म्हणजे मॉडेलचं खरं वाटणारं चित्र बनवायला घेतलं), की पंखा नसलेला किंवा एकच बारीक पंखा असलेला लॅपटॉप थोडा वेळ जोरात पळतो आणि मग तापून स्वतःचा वेग उतरवतो. प्रोसेसरच्या नावावर जाऊ नये. तोच प्रोसेसर जाड लॅपटॉपमध्ये बराच जास्त वेळ पूर्ण वेगाने चालतो, कारण उष्णता बाहेर काढायला जागा असते.

शिवाय क्लायंटला समोर बसवून नकाशा दाखवायचा तर तेरा इंचात स्वयंपाकघराचा ओटासुद्धा नीट दिसत नाही. दोन मशीनचा खर्च परवडत नसेल तर आमच्या लोकांनी जाड लॅपटॉपच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

कानामात्रा

नकाशा, तुमचं म्हणणं पटतं. ज्या कामात मशीन तासन्‌तास पूर्ण ताकदीने चालतं, म्हणजे रेंडर, व्हिडिओ संपादन, मोठे सिम्युलेशन, तिथे छोटा लॅपटॉप मुख्य म्हणून घेऊ नये. लिहिणं, वाचणं, हिशेब, शिकवणं, वेबचं काम, बरंचसं प्रोग्रामिंग यात ताण झटक्याझटक्याने येतो, सलग नसतो. तिथे हलका लॅपटॉप पुरून उरतो.

ऑफिसात दणकट डेस्कटॉप चालू ठेवून लांबून छोट्या लॅपटॉपवर तो वापरणारे काही आर्किटेक्ट ओळखीचे आहेत. तुम्ही करून पाहिलंय का?

नकाशा

पाहिलंय. ऑफिसची वीज आणि दोन्हीकडचं नेट धड असेल तर चांगलं चालतं. आमच्या साइट त्र्यंबकच्या पुढे असतात, तिथे फोनला रेंज मिळाली तरी नशीब.

इरई

चंद्रपूरहून लिहिते. शाळेत शिक्षिका आहे. उन्हाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण विदर्भात लॅपटॉपची खरी परीक्षा मे महिन्यात.

ॲपल आपल्या लॅपटॉपसाठी वापराचं तापमान १० ते ३५ अंश सांगते आणि इतर कंपन्यांचे आकडे साधारण याच टापूत असतात. आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी बंद खोलीतसुद्धा ३५ च्या खाली येत नाही. अशा वेळी मी तीन नियम पाळते. लॅपटॉप गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवत नाही, कारण पंखा नसलेल्या मशीनची उष्णता त्याच्या धातूच्या अंगातूनच बाहेर पडते आणि कापडाने ती कोंडते. दुपारी चार्जिंग करत नाही, पहाटे करून घेते. आणि चार्ज ८० टक्क्यांवर थांबवायची सोय सुरू ठेवते. लिथियमच्या बॅटरीला भरगच्च चार्ज आणि उष्णता हे दोन्ही एकत्र सोसत नाही. माझ्या सहकाऱ्याचा लॅपटॉप सतत चार्जरला लावलेला, खिडकीशेजारी. त्याची बॅटरी फुगली आणि टचपॅड वर उचललं गेलं. असं दिसलं तर मशीन लगेच बंद करून बॅटरी बदलून घ्या, दाबून बसवायला जाऊ नका.

कूलरबद्दलही सांगते. आमच्या वाळ्याच्या कूलरची हवा गार असते पण दमट असते, कधी बारीक तुषारही येतात. लॅपटॉप त्या झोतात थेट ठेवू नये. बाजूला, पंख्याखाली ठेवावा. आणि उन्हात लावलेल्या गाडीत तर पाच मिनिटंही नको.

बाकी शिकवण्यासाठी हलका लॅपटॉप मला वरदान वाटतो. एका वर्गातून दुसऱ्या वर्गात एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात हजेरीपट घेऊन जाता येतं. प्रोजेक्टरला एचडीएमआय लागतं, तेवढा कन्व्हर्टर शाळेच्या कपाटात कायमचा ठेवून दिलाय.

सड्यावर

इरईताई, तुमचा उन्हाळा, तसा आमचा पावसाळा. दापोलीजवळ राहतो, अनुवाद आणि थोडं वेबचं काम.

छोट्या लॅपटॉपचा मी जुना भक्त. २००७ साली असूसचा ई-पीसी ७०१ आला तेव्हापासून. सात इंची पडदा, ८०० गुणिले ४८०, साठवण फक्त ४ जीबी, रॅम ५१२ एमबी, लिनक्स भरलेलं आणि वजन किलोच्या आत. त्याची उजवी शिफ्ट वरच्या बाणाच्या पलीकडे होती, कानामात्राताई म्हणतात तस्सं. पुढच्या वर्षी इंटेलचा ॲटम आला आणि नेटबुकांची, म्हणजे अशाच स्वस्त, छोट्या लॅपटॉपची लाट आली. त्यांच्यावर मुख्य काम करणं म्हणजे शिक्षा होती, पण हलकं मशीन कुठेही नेता येतं ही चटक त्यांनीच लावली. खरा बदल अलीकडचा. २०२० च्या नोव्हेंबरात ॲपलने एम१ हा स्वतःचा प्रोसेसर आणला आणि पंखा नसलेल्या, १.२९ किलोच्या मॅकबुक एअरवर दिवसभर काम होऊ लागलं. मग बाकीच्यांनाही मागे राहता येईना.

आता विजेबद्दल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर आमच्या भागात कित्येक ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. डेस्कटॉप त्या काळात नुसती शोभेची वस्तू. लॅपटॉप मी गाडीच्या चार्जरवर भरून घेत होतो आणि काम वेळेत जात होतं. आज यूएसबी-सी असेल तर पॉवर बँकही चालते, मात्र ती नीट बघून घ्या. डब्यावर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं, ते आतल्या ३.७ व्होल्टच्या हिशेबाने. म्हणजे ७४ वॉट-तास. वाटेत थोडं वाया जातं. लॅपटॉपची बॅटरी ५० वॉट-तासांच्या आसपासची असेल तर साधारण एक पूर्ण चार्ज धरा, जास्त नाही. आणि पीडीचे (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे यूएसबी-सीवरून जास्त वॉट देण्याची पद्धत) ४५ किंवा ६५ वॉट बाहेर देणारीच हवी. फोनसाठीची १८ वॉटची लावली तर लॅपटॉप चालू असताना बॅटरी खालीच जात राहते, काही मशीन तर चार्जच घेत नाहीत. विमानाने जाणाऱ्यांसाठी: १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक चालते, पण ती हातातल्या सामानातच ठेवावी लागते.

पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनासुद्धा बुरशी येते. रोज वापरात असलेलं मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. खराब होतं ते कपाटात ठेवलेलं. महिनाभर ठेवायचंच असेल तर झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून, बॅटरी निम्मी भरून ठेवा.

अकोलेकर_बाबा

सर्वांना नमस्कार. मुलीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे. हॉस्टेलला राहील. दुकानदार म्हणतो, इंजिनिअरिंग म्हटलं की गेमिंग लॅपटॉपच घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी बदलावा लागेल. मुलगी म्हणते हलका हवा. पैसे एकदाच घालता येतील, चार वर्षं चालला पाहिजे. मार्गदर्शन करावे.

टर्मिनल

काका, मी नुकताच याच शाखेतून बाहेर पडलो, आता विमाननगरला नोकरी करतो. तुमच्या मुलीचं बरोबर आहे, हलकाच घ्या.

आमच्या चार वर्षांत सी, जावा, पायथन, डेटाबेस, नेटवर्क, थोडं मशीन लर्निंग एवढं होतं. मशीन लर्निंगचं जड प्रशिक्षण सगळे गुगल कोलॅबवर करतात, ते ब्राउझरमधून चालतं. बाकी सगळ्याला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण, पुरते. गेमिंग लॅपटॉपचा चार्जरच २०० वॉटच्या आसपासचा असतो. हॉस्टेलच्या खोलीत तिघांना मिळून एक-दोन सॉकेट, ग्रंथालयात प्लगसाठी भांडणं. चार्ज दोन-तीन तासांत संपणारं मशीन घेऊन मुलं शेवटी खोलीतच बसून राहतात. हलका लॅपटॉप असलेली मुलं तो वर्गात, लॅबमध्ये, कॅन्टीनमध्ये सगळीकडे नेतात, आणि प्रोग्रामिंग हात चालवल्यानेच येतं.

मेकॅनिकल किंवा सिव्हिल असती तर मी वेगळं सांगितलं असतं. तिथली बरीच डिझाइनची सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतात आणि ग्राफिक्स मागतात.

एक मात्र कराच: स्वस्तात 'हलका' म्हणून ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीवाले लॅपटॉप विकतात, त्यांच्याकडे वळूनही बघू नका. ईएमएमसी म्हणजे फोनच्या मेमरी कार्डाच्या चुलत भावंडासारखी साठवण, एसएसडीचा वेग तिला नाही. विंडोज आणि त्याच्या अपडेटलाच ती जागा पुरत नाही. दुसऱ्या वर्षी बदलावा लागतो तो हा.

ताळेबंद

टर्मिनलने चांगलं सांगितलं. अकोलेकर साहेब, मी एक जोडतो. सध्या विंडोजमध्येही दोन जाती आल्यात. २०२४ च्या जूनपासून स्नॅपड्रॅगन एक्स प्रोसेसरचे, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या, एआरएम जातीचे लॅपटॉप विकायला आले. हलके असतात, बॅटरी झकास. नेहमीची सॉफ्टवेअर चालतात, जुन्या इंटेलसाठी लिहिलेलीही बरीचशी चालतात. पण ज्या वस्तूला स्वतःचा ड्रायव्हर (ती वस्तू विंडोजशी जोडून देणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो त्याला एआरएमसाठी बनवलेलाच ड्रायव्हर हवा, दुसरा चालतच नाही. डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर, बोटाचे ठसे घेणारं यंत्र अशा वस्तू असतील तर आधी कंपनीला विचारून मग पैसे मोजा.

कानामात्रा

ताळेबंददादा, हे आमच्या धंद्यालाही तंतोतंत लागू आहे. जुन्या मराठी डीटीपी (छपाईची पानं लावायच्या) सॉफ्टवेअरपैकी काहींना हार्डवेअर लॉक लागतो, म्हणजे यूएसबीत खुपसायची किल्ली. तिचा ड्रायव्हर जुना. जिल्ह्याच्या गावातले कितीतरी छापखाने अजून त्यावरच पत्रिका आणि स्मरणिका करतात. त्यांनी हलका लॅपटॉप घेताना इंटेल किंवा एएमडीचाच घ्यावा. युनिकोडमध्ये काम करणाऱ्यांना ही अडचण नाही.

अकोलेकर काका, मुलगी ज्यावर रोज चार-पाच तास लिहिणार आहे तो कीबोर्ड तिच्या हाताखाली घालून मगच घ्या. तिला सोबत न्या, वस्तू तिलाच निवडू दे.

तोक्यो

जपानमधून लिहितोय. इथे हलका लॅपटॉप हीच मुख्य संगणकाची रीत आहे, कारण सगळे रेल्वेने फिरतात, मुंबईसारखेच. फुजित्सूने १३.३ इंची लॅपटॉप ६३४ ग्रॅमपर्यंत खाली आणला होता. पॅनासॉनिकचे लेट्स नोट कोबेच्या कारखान्यात बनतात. दिसायला जुनाट, पण गर्दीत चेपून जाऊ नयेत म्हणून मजबूत बनवलेले, आणि जुने सगळे पोर्ट ठेवलेले. माझ्या ऑफिसात निम्मे लोक तेच वापरतात.

इथून कुणी नातेवाईक आणून देणार असेल तर एक सावधगिरी. जपानी कीबोर्डवर स्पेसबारच्या दोन्ही बाजूंना जास्तीची बटणं असतात, त्यामुळे स्पेसबार आखूड होतो. उजव्या शिफ्टशेजारीही एक जादा बटण येतं, म्हणजे ती शिफ्ट आणखी लहान. ताईंनी लिहिलेला 'आणि' इथेही अडतो. इंग्रजी कीबोर्डचा पर्याय काही मॉडेलना मिळतो, तोच मागवायला सांगा. वॉरंटी भारतात चालते का हेही आधीच विचारा.

सड्यावर

ज्यांचं बजेट अगदीच कमी आहे त्यांच्यासाठी जुन्या ऑफिस लॅपटॉपचा मार्ग आहे. कंपन्या तीन-चार वर्षांनी मशीनं काढून टाकतात, ती मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि बहुतेक मोठ्या शहरांत साफसूफ करून मिळतात. थिंकपॅडची एक्स मालिका यात लोकप्रिय आहे. मात्र विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचं लागतं. म्हणजे त्याआधीचं घेतलं तर लिनक्स टाकायची तयारी हवी. माझ्याकडे एक्स२३० आहे, २०१२ चा. त्यात रॅम बदलता येते, बॅटरी खटकन काढता येते, कीबोर्डची बटणं भरदार. लिनक्स मिंटवर आयबस या टायपिंगच्या सोयीतून इन्स्क्रिप्ट मिळतो. हलकेपणात मात्र आजच्या मशीनशी त्याची बरोबरी नाही, आणि पडदा १३६६ गुणिले ७६८ चा, त्यावर दोन पानं शेजारी मावत नाहीत.

जुना घेताना बॅटरीचा अहवाल मागा. विंडोजमध्ये कमांडच्या खिडकीत पॉवरसीएफजी लिहून, मध्ये जागा सोडून, तिरपी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट लिहिलं की मूळची क्षमता आणि आता उरलेली क्षमता दोन्ही दिसतात. दुकानदार हे दाखवायला तयार नसेल तर घेऊ नका.

इरई

एक प्रश्न राहिला. या पातळ लॅपटॉपमध्ये सगळंच सोल्डर केलेलं, मग मशीन बिघडलं तर आतला मजकूर कसा काढायचा? माझ्याकडे मुलांच्या निकालाची कामं असतात.

टर्मिनल

मॅडम, हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये एसएसडी अजून वेगळी असते, स्क्रू काढून बाहेर घेता येते. ॲपलच्या एअरमध्ये आणि काही अगदी पातळ मशीनमध्ये ती बोर्डवरच असते. तिथे बोर्ड गेला की मजकूर गेला. सर्व्हिस सेंटर बोर्ड बदलून देतं, त्यात तुमच्या फाइली नसतात.

विंडोजमध्ये आणखी एक गोष्ट आहे. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की साठवण बहुधा आपोआप कुलूपबंद होते. पुढे बोर्ड बदलला, किंवा एसएसडी काढून दुसऱ्या मशीनला लावली, की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की (कुलूप उघडायचा क्रमांक) मागतं. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ज्या ईमेलने दुकानदाराने घाईत खातं उघडून दिलं ते तुमच्याकडे नसेल तर फाइली समोर असूनही उघडत नाहीत. त्यामुळे खातं स्वतःच्या ईमेलनेच उघडा, आणि आजच खात्यात जाऊन ती की कागदावर लिहून घरातल्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा.

आणि बाहेरची एक एसएसडी घ्या, काडेपेटीएवढ्या येतात. दर शनिवारी तिच्यावर प्रत काढा. निकालाच्या दिवसांत रोज काढा. ती लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, घरी कपाटात ठेवा, म्हणजे बॅग हरवली तरी मजकूर सलामत राहतो.

इरई

धन्यवाद टर्मिनल. की सापडली, लिहून ठेवली. शाळेतल्या बाकीच्यांनाही उद्या मधल्या सुट्टीत करून देते.